तांबे? – विचारणे

एकतीस वर्षं मी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिण्याची नोकरी केली. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी "अरे वा" म्हणतो, मग जरा थांबतो आणि विचारतो, "पण ते अर्थ आधीच लिहिलेले असतात ना?" माझ्या सासूबाईंनी हा प्रश्न लग्नानंतर आठवड्याभरात विचारला होता. तेव्हा मी त्यांना अर्थच्छटा, प्रमाणीकरण, शास्त्रीय दृष्टी वगैरे बरंच काही ऐकवलं. त्या गवार मोडत होत्या, मोडून झाल्यावर उठून गेल्या. आता निवृत्त झाल्यावर खरं सांगायला हरकत नाही. असतात. आधीच लिहिलेले असतात. आम्ही ते उतरवून घ्यायचो.

अंकाच्या संपादकांनी मला 'कोशकार्यातील अविस्मरणीय क्षण' असा विषय दिला आहे. कोशकार्यात क्षण नसतात, नुसती वर्षं असतात. पण एका क्रियापदाने माझी चांगली जिरवली, तेवढं सांगते. क्रियापद आहे 'ॲनील'. तुम्ही ते आयुष्यात कधी वापरलं नसेल आणि त्यामुळे तुमचं काही बिघडलेलंही नसेल. मीही वापरलं नव्हतं. मी फक्त त्याचा अर्थ लिहिला होता.

आमचा कोश तांत्रिक शब्दांचा. आयटीआयची आणि डिप्लोमाची मुलं इंग्रजी पुस्तक वाचताना अडली की तो उघडायची. कचेरी कसबा पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, कार्डांची लाकडी कपाटं आणि एक पंखा, जो कार्डं उडतात म्हणून कायम बंद. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत शब्दांना न्याय द्यायचो.

कामाची पद्धत अशी. टेबलावर पाच जाडजूड इंग्रजी कोश उघडे ठेवायचे. एक शब्द घ्यायचा आणि पाचही जण काय म्हणतात ते वाचायचं. चार जण एक बोलले आणि पाचवा वेगळं बोलला तर पाचवा मिटून ठेवायचा. मग पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर शब्द, त्याखाली मराठी अर्थ, त्याखाली एक उदाहरणाचं वाक्य. कार्डाच्या पाठीवर शब्दाचं मूळ. त्याखाली 'शंका' आणि 'कोणास विचारले' असे दोन रकाने. शेवटी कोपऱ्यात आपली आद्याक्षरं. माझी मं. कु. अर्थ चुकला तर कोणाला धरायचं हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून आद्याक्षरं, असं आमचे मुख्य संपादक म्हणत. पुढच्या पिढ्या इतक्या लवकर जिना चढून येतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

मुख्य संपादकांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. सर विद्वान होते, यात शंका नाही. पण पाना, स्क्रू, ग्रीस असले शब्द ऐकले की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. गाडी उचलायच्या जॅकला त्यांनी 'उत्थापक' असा शब्द केला होता. मी म्हटलं, "सर, पंक्चरवाल्याला कळणार नाही." सर म्हणाले, "पंक्चरवाला कोश विकत घेत नाही." ग्रीसचा 'स्नेहलेप' झाला तेव्हा मी गप्प राहायला शिकले होते.

मला ए हे अक्षर दिलं होतं. दुकानात कोश चाळणारा माणूस पहिली दहा पानं बघतो, त्यामुळे ए चोख हवं, आणि माझं अक्षर सुवाच्य होतं. झेडपर्यंत सहसा कुणी पोचत नाही. आम्हीसुद्धा धापा टाकतच पोचलो होतो. पण माझ्या एमध्ये काना-मात्रेची चूक सापडणार नाही, असा माझा तोरा असायचा. दर महिन्याला एक निवृत्त गृहस्थ चुकांची यादी घेऊन यायचे, चहा पिऊन जायचे. त्यांच्या यादीतही ए नसायचं. ते ते मोठ्या नाराजीने कबूल करायचे.

बाकी गिऱ्हाइकं फोनवर. कोशात कचेरीचा नंबर छापायची चूक सरांनी केली होती. खराडीच्या आयटी पार्कमधून एका मुलाचा फोन आला, आवाज रडवेला. "मॅडम, माझ्या मॅनेजरने मेलमध्ये लिहिलंय, एस्कलेट करतोय. म्हणजे एक्झॅक्टली काय होणार?"

मी म्हटलं, "वर जाणार."

"कोण, मी?"

"नाही हो. प्रकरण."

"मग मी?"

"ते आमच्या कोशात नाही," म्हणून मी फोन ठेवला. आम्ही पडलो पुण्याचे. विचारलं तेवढंच सांगायचं.

तर, गुरुवार. दर गुरुवारी तीन ते पाच आमची अर्थनिश्चितीची बैठक असे. आठवड्याची कार्डं सर मोठ्याने वाचणार, आम्ही माना हलवणार. पण कचेरीच्या खिडकीखाली तांबटांची आळी. तांब्याचे हंडे, घंगाळी, कळशा घडवणारे लोक. दिवसभर ठोक, ठोक, ठोक. सरांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा नाही आणि तो ऐकू न येणं त्यांना सहन होत नसे. मी नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी माझ्याकडून एक पत्र लिहून घेतलं: 'गुरुवारी तीन ते पाच या वेळेत आपण ठोकाठोक बंद ठेवल्यास ज्ञानकार्यास मोलाचे साहाय्य होईल.' पत्र मीच खाली नेऊन उंबऱ्याबाहेरूनच दिलं. समोरच्या दुकानातल्या म्हाताऱ्या तांबटाने ते वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि म्हणाला, "बरं."

त्या गुरुवारपासून तीन वाजले की खालचा आवाज बंद. पाच वाजले की सुरू. वर्षानुवर्षं. आम्ही कधी आभार मानायला गेलो नाही. दोन तास हातावर हात धरून बसल्याने त्यांचं काय होत असेल, हेही मनात आलं नाही. आम्हाला ती शांतता आमच्या विद्वत्तेचा मान वाटायची.

अशाच एका गुरुवारी 'ॲनील' मार्गी लागला. आमच्या कोशात अर्थ आला तो असा: 'धातू तापवून सावकाश थंड करणे; मंदशीतन करणे.' 'मंदशीतन' हा सरांनी घडवलेला शब्द. तो सुचला तेव्हा त्यांनी सगळ्यांना स्वखर्चाने भजी खिलवली होती, ही गोष्ट दुसऱ्यांदा घडली नाही. उदाहरणाचं वाक्य माझं: 'कारागिराने धातूचे मंदशीतन केले.' असं वाक्य जगातल्या कुठल्याही कारागिराने कधी उच्चारलेलं नाही, याची मला आज खात्री आहे.

माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना एका मंगळवारी सकाळी एक पन्नाशीचे गृहस्थ जिना चढून आले. डाव्या हातात आमचा कोश, उजवा हात पोटाशी धरलेला. कोशात एक कागद खुणेला घातलेला.

"हे पुस्तक इथंच बनतं ना?"

"हो."

"मग हे कोणी लिहिलंय तेवढं सांगता का? भांडायला नाही आलो. नुसतं बघायचंय."

त्यांनी कागद घातलेलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. ए होतं. माझा तोरा जागच्या जागी होता. मी म्हटलं, "मी लिहिलंय. का?"

ते विलासराव. खालच्या समोरच्या दुकानातले. टोपीत पत्र ठेवणाऱ्या म्हाताऱ्याचे चिरंजीव. पस्तीस वर्षं मठारकाम केलेलं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर बारीक बारीक ठोके देत भांडं घडवायचं आणि त्याला झळाळी आणायची. एवढी वर्षं हातोडा उचलून उजवा खांदा कामातून गेला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, हातोडा सोडा, नाहीतर हात सोडा. मुलगी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. खराडीच्या पुढे एका खाजगी संस्थेने हस्तकलांचं प्रशिक्षण केंद्र काढलं होतं, तिथे तांबेकाम शिकवायला माणूस हवा होता. विलासरावांनी परीक्षा दिली. हातकाम बघून परीक्षक उठून उभे राहिले म्हणे. मग तोंडी परीक्षा.

"एक इंजिनिअर मॅडम होत्या," विलासराव सांगू लागले. "चांगल्या होत्या. मला म्हणाल्या, ॲनील म्हणजे काय ते सांगा. मी म्हटलं, पत्रा ठोकून कडक झाला की भट्टीत लाल करायचा आणि पाण्यात घालायचा, की नरम. त्या म्हणाल्या, पाण्यात? सावकाश थंड नाही करायचा? मी म्हटलं, कशाला मॅडम? वेळ काय फुकटचा आहे?"

"मग?"

"मग त्यांनी मोबाइलमध्ये बघितलं. तुमच्या कोशाचं ते ॲप. त्यात हेच लिहिलंय. म्हणाल्या, सॉरी काका, संस्थेने हाच कोश प्रमाण धरलाय. तोंडीत नापास झालो. आता म्हणतात, पंधरा दिवसांत कोशवाल्यांचं लेखी आणा, तर परत विचार करू." त्यांनी उजवा हात छातीपर्यंत उचलून दाखवला. "माझा हात वर जात नाही बाई. शिकवता तेवढं येतं."

एखाद्या भल्या बाईने इथे माणसाला बसायला खुर्ची दिली असती. मी त्यांना व्याख्यान दिलं. हे बघा विलासराव, तुमचा अनुभव आपल्या जागी, पण जगातले सगळे प्रमाण कोश सावकाश थंड करणे असंच म्हणतात, एका दुकानाच्या पद्धतीवरून व्याख्या बदलता येत नाही. चांगली पाच मिनिटं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "गुरुवारी लिहिलं असेल."

"म्हणजे?"

"गुरुवारी तीन ते पाच आमचं बंद असायचं ना, तुमच्या मीटिंगसाठी. नाहीतर खालून ऐकू आलं असतं."

हे ते टोमणा म्हणून बोलले असते तर मी परतवला असता, त्या कामात आम्ही तयार आहोत. पण ते साधेपणाने, जणू चूक कशी झाली असेल याचा मला मदत म्हणून विचार करत बोलले. मी उठले आणि कपाटातून ए काढलं.

कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला सगळं सुवाच्य. मी ते उलटं केलं. 'शंका' या रकान्यात माझ्याच अक्षरात, पेन्सिलीने: 'तांबे? – विचारणे.' शेजारी 'कोणास विचारले' हा रकाना कोरा. खाली मं. कु.

आणि मला सगळं आठवलं. पाचव्या कोशाने बारीक टाइपात म्हटलं होतं की पोलाद सावकाशच थंड करावं लागतं, पण तांब्यासारख्या धातूंना झटकन थंड केलं तरी चालतं. चार विरुद्ध एक. शिवाय कार्ड भरलं होतं. आणखी एक ओळ लिहायची तर नवीन कार्ड घ्यावं लागलं असतं आणि सर कार्डं मोजून द्यायचे. म्हणून पेन्सिलीने टिपून ठेवलं, घरी जाताना खाली विचारू. खाली म्हणजे जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या. ज्यांना मी स्वतः पत्र देऊन गप्प बसवलं होतं, त्यांनाच विचारायचं होतं. त्या संध्याकाळी नाही विचारलं, दुसऱ्या दिवशी विसरले आणि मग पुस्तक छापून आलं. मला अतिशय लाज वाटली. ती लाज अजून पूर्ण गेलेली नाही.

मी कार्ड विलासरावांपुढे धरलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, "मग विचारा की."

एकोणतीस वर्षांत मी त्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकलं. विलासरावांचा धाकटा भाऊ लाकडी ठोकळ्यावर पत्रा ठोकत होता. विलासराव म्हणाले, "आवाज ऐका नुसता." मी ऐकला. आधी भरीव, बसका. ठोके पडत गेले तसा चढत गेला, पातळ झाला, कानाला टोचायला लागला. "हां, आता पत्रा दमला. आता ठोकाल तर चिरेल," असं म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वाकवा." मी जोर लावला. बोटं दुखली, पत्रा हलला नाही. मग भट्टीत गेला, मंद लाल झाला आणि चिमट्याने सरळ पाण्याच्या पिंपात. चर्र. वरची काळी खपली पाण्यात सुटली. विलासरावांनी तो फडक्याने पुसून पुन्हा माझ्या हातात दिला आणि मी तो दोन बोटांनी वाकवला. हातरुमालाला घडी घालावी इतका सहज.

तो चर्र आवाज मला ओळखीचा होता. रोज पाच-सहा वेळा वर यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे.

पुढचा प्रश्न सरांचा. लेखी द्यायचं तर सही त्यांची लागणार. सर ऐकून घेईनात. "एका माणसासाठी कोश चुकला असं लेखी द्यायचं? उद्या पुण्यातला प्रत्येक नापास माणूस हा जिना चढेल." मी म्हटलं, चढू द्या, निदान व्यायाम होईल. ते आपल्याला आवडल्याचं त्यांनी दाखवलं नाही. विषय गुरुवारच्या बैठकीत ठेवा, म्हणाले. त्यांना वाटलं, तिथे आपण चौघे आणि शांतता.

बुधवारी संध्याकाळी मी खाली जाऊन सांगून आले, उद्या काम बंद ठेवू नका.

गुरुवारी तीन वाजता सरांनी चष्मा लावला आणि खालून ठोक सुरू झाली. सरांनी चष्मा काढला. "आज यांना काय झालं?"

"मी सांगितलंय त्यांना चालू ठेवायला," मी म्हटलं आणि खिडकी सताड उघडली. वारा आला, कार्डं उडाली, दोघेजण ती गोळा करायला टेबलाखाली गेले. "सर, आवाज ऐका. आता चढेल." चढला. "आता थांबेल." थांबला. "आता भट्टीत गेला असेल, तोवर चहा घ्या." सरांनी रागाने चहा घेतला. कप अर्धा झाला आणि खालून चर्र.

"सर, हा ॲनील," मी म्हटलं. "आपण यायच्या आधीपासून इथे चाललाय."

सरांनी कप खाली ठेवला. मग कोशकाराचं शेवटचं हत्यार काढलं. "मूळ काय आहे शब्दाचं?"

मी कार्डाची पाठ वाचली. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ नुसता पेटवणे, आग लावणे. त्यात थंड होण्याचा मागमूस नाही, सावकाश तर नाहीच नाही. "मूळ शब्दात फक्त आग आहे, सर. आपल्या शब्दात तेवढीच नाही."

एवढ्यात विलासराव दोन पत्रे फडक्यात गुंडाळून वर आले. एक ठोकलेला, एक भट्टीतून काढून पाण्यात घातलेला. "वाकवून बघा साहेब." सरांनी पहिला वाकवायचा प्रयत्न केला, चेहरा लाल झाला. दुसरा त्यांच्या हातात चटकन वाकला, तसे ते दचकले. मग त्यांनी तो सरळ केला. परत वाकवला. परत सरळ केला. चौघे विद्वान टेबलाभोवती बसून पाचेक मिनिटं आळीपाळीने पत्रा वाकवत होतो.

शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे. 'मंद' काढू. 'धातुशीतन' ठेवू."

विलासरावांनी जरा विचार केला. "थंड तर चहापण होतो साहेब. खरं काम नरम करायचं आहे. आम्ही म्हणतो, ताव देऊन नरम करणे."

"इतकं सोपं कसं चालेल?" सर म्हणाले. मनापासून म्हणाले. मला त्या क्षणी त्यांची दयाही आली. तीस वर्षं ते अवघड शब्द घडवत बसले होते आणि खिडकीखाली सोपा शब्द रोज ठोकला जात होता.

शुक्रवारी सकाळी पत्र तयार झालं. मी लिहिलं होतं, 'आमच्या कोशातील अर्थ चुकीचा आहे. पोलादाला सावकाश थंड करणे आवश्यक असले तरी तांबे पाण्यात थंड केल्यास नरमच राहते. श्री. विलासराव यांचे उत्तर बरोबर आहे.' सरांनी लाल पेन घेतलं. 'चुकीचा आहे' खोडून 'काही अंशी संदिग्ध आहे' केलं. दोन स्वल्पविराम घातले, एक काढला आणि सही केली. पाकीट बंद करायची जबाबदारी माझी होती. मी पेन घेतलं आणि सरांच्या सहीच्या खाली, माझ्या सुवाच्य अक्षरात एक ओळ घातली: 'म्हणजे चूक. – मं. कु.'

पंधरा दिवसांतला तो तेरावा दिवस होता. विलासराव पत्र घेऊन बसने खराडीला गेले आणि संध्याकाळी आले ते पेढे घेऊनच. इंजिनिअर मॅडमनी पत्र वाचलं, शेवटच्या ओळीला हसल्या आणि म्हणाल्या, "काका, सोमवारपासून या." मी घरी जाण्याआधी कार्ड काढलं. आमचा नियम होता, शंका फिटली की कोणास विचारले त्याचं नाव लिहायचं. माझ्या सगळ्या कार्डांवर त्या रकान्यात प्राध्यापक होते नाहीतर दुसरे कोश होते. या कार्डावर मी लिहिलं, 'विलासराव, तांबट, खाली.'

इथे संपली असती तर बरी गोष्ट होती. पण कोशाची नवी आवृत्ती निघालीच नाही. कागद महागला, मुलं मोबाइल बघू लागली आणि प्रकाशकांनी हात वर केले. कचेरी बंद झाली, मी निवृत्त झाले. राहिलं ते ॲप. ते ज्या कंपनीने करून दिलं होतं ती आता दुसरंच काहीतरी करते आणि आत शिरायचा पासवर्ड कुणाकडेच नाही. मी तीन वेळा त्या कंपनीच्या खराडीतल्या कचेरीत खेटे घातले. एका मुलाने फार आदराने सांगितलं, "मॅम, हे आता चेंज नाही होणार." म्हणजे माझी चूक आता कुणालाच पुसता येत नाही. सुवाच्य अक्षराचा एवढा मोठा कार्यकाळ मी मागितला नव्हता.

विलासरावांची तुकडी दर सहा महिन्यांनी बदलते. प्रत्येक तुकडीत एखादी चुणचुणीत मुलगी किंवा मुलगा असतोच, जो मोबाइल काढून म्हणतो, सर, ॲपमध्ये तर सावकाश लिहिलंय. मग माझा फोन वाजतो. मी हातातलं काम टाकून उचलते.

"बाई, यांना सांगा जरा," विलासराव म्हणतात आणि फोन स्पीकरवर टाकतात.

मी सांगते, "ते चूक आहे. तांबं पाण्यात घाला."

परवाच्या तुकडीतल्या मुलीने चिवटपणे विचारलं, "पण मॅम, तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मी मं. कु. ते मी लिहिलंय. खाली जाऊन विचारायचा मला कंटाळा आला होता."

मग विलासराव म्हणाले, "चला, आता बघा," आणि मागे चर्र आवाज आला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.